चार बोटं माया

आमच्या आईने चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या दोन खोल्या, आणि मे उतरणीला लागला की त्यात पाय ठेवायला जागा नसायची. एका भिंतीशी खाकीचे तागे, दुसऱ्या भिंतीशी पांढरं कापड, मधोमध मशीन आणि दारात पोरांची बखोटी धरून उभ्या आया. आई पोराला समोर उभं करायची, गळ्यातला टेप काढायची, पण टेप लावण्याआधी एकदा त्याच्या पावलांकडे बघायची. मग मापाच्या वहीत लांबीच्या आकड्यापुढे लिहायची, 'माया २ बोटं' किंवा 'माया ४ बोटं'.

ज्यांचा शिवणाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोर वाढलं की उसवून सोडता यावं म्हणून दुमडीत आणि शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात त्याला माया म्हणतात. हा शब्द तिथे कसा जाऊन बसला यावर मी काही बोलणार नाही. बोललो तर आई विचारेल, "कवी झालास काय रं?"

लहानपणी मी तिला विचारलं होतं, पाय कशाला बघतीस?

"पंजा मोठा असला की पोरगं वाढणार. कुत्र्याच्या पिलाचं बघत न्हाईस व्हय?"

जून २०२३ मध्ये तिने माझ्या मुलाला, अथर्वला, असंच उभं केलं. तो तेव्हा बारा संपवून तेराव्यात होता. तिने पावलं बघितली आणि पँटला सहा बोटं माया सोडली. दुमड एवढी जाड झाली की पँट खाली वजन बांधल्यासारखी लोंबायची. मी हसलो. पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती सगळी माया संपली होती. सोडलेल्या पँटवर जुन्या दुमडीच्या दोन रेघा एकाखाली एक उमटलेल्या, नदीचं पाणी चढून गेल्यावर घाटाच्या दगडावर राहतात तशा.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. त्यांनुसार २०२२ ते २०२३ या वर्षात अथर्व जेमतेम साडेचार सेंटीमीटर वाढला होता आणि बायको काळजीत होती. दुधात काय काय घालून झालं. पुढच्या वर्षात तो साडेनऊ सेंटीमीटर वाढला. मोठी वाढ सुरू होण्याआधी वेग थोडा मंदावतो, मांजर उडीआधी दबतं तसा, हे आम्हाला मागाहून कळलं. पहिल्या वर्षी मूल साधारण पंचवीस सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं, मग बरीच वर्षं दर वर्षी पाच-सहा. आणि मुलग्यांच्या बाबतीत तेरा-चौदाच्या आसपास एक वर्ष असं येतं की नऊ-दहा सेंटीमीटर एकदम. मुलींचं हे दोनेक वर्षं आधी उरकतं, म्हणून सातवीच्या वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत मुली असतात.

आईचं पावलांचं गणित बरोबर होतं. वयात येताना अंग सगळीकडून सारखं वाढत नाही. आधी पावलं आणि पंजे, मग तंगड्या, मग धड. ताकद तर आणखी मागून येते, उंचीचा जोर ओसरू लागल्यावर. पेठेतल्या तालमीतले वस्ताद अथर्वला बघून म्हणाले, "ताट वाढलंय, कणीस भरायचंय अजून. आत्ता ह्याच्याकडनं जोर मागू नका." तालमीत जन्म घालवलेल्या माणसाला पुस्तक लागत नाही.

घरात मात्र आम्ही जोर मागत होतो. सिलिंडर सरकव, गादी उचल, एवढा घोडा झालास तरी. आणि तो घोडा दाराच्या चौकटीला खांदा आपटत होता, ताटावरून हात नेताना पाण्याचा तांब्या लवंडत होता. त्या वर्षी आमच्याकडचे काचेचे सगळे ग्लास गेले. स्वतःचा हात किती लांब आहे याचा त्याचा अंदाज गेल्या महिन्यातला होता आणि हात या महिन्यातला. हे आज इतकं समजूतदारपणे लिहितोय. तेव्हा प्रत्येक ग्लासामागे एक ओरडा ठरलेला होता.

माझ्या भावाचा श्रेयस अथर्वपेक्षा तीन महिन्यांनी मोठा. त्या वर्षी तो अथर्वच्या खांद्याला लागत होता. लग्नाकार्यात दोघे शेजारी उभे राहिले की नातेवाईक अथर्वला विचारायचे, दहावीला का? आणि श्रेयसचा गालगुच्चा घ्यायचे. दोघांचाही अपमान व्हायचा, वेगवेगळा. एकदा आम्ही सगळे बसने गारगोटीला निघालो होतो. कंडक्टरने न विचारता श्रेयसचं अर्धं तिकीट फाडायला घेतलं. बाराच्या आतल्या पोरांना अर्धं असतं. माझ्या वहिनी गप्प बसल्या, वाचले तेवढे पैसे. श्रेयस मात्र उठून उभा राहिला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी तेरा वर्षांचा आहे. फुल द्या." आमच्या घराण्यात इतक्या ताठ मानेने कुणी पूर्ण पैसे भरल्याचं मला आठवत नाही.

आबा म्हणायचे, बापाचं पायताण पोराच्या पायात बसलं की त्याला पोरगं म्हणू नये. अथर्वला माझी चप्पल तेराव्या वर्षीच व्हायला लागली. म्हणजे आबांच्या हिशोबाने माझी मुलाशी बरोबरी झाली तेव्हा त्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. सगळ्यात आधी मोठा होणारा अवयव जुन्या लोकांनी मापाला का घेतला असेल, हा प्रश्न मला बरेच दिवस होता.

उंचीबरोबर बाकीचंही आलं. शाळेतून आल्यावर दप्तराआधी तोंड सुटायचं ते बंद झालं. 'कसा गेला पेपर?' 'हं.' 'जेवलास?' 'हं.' खोलीचं दार आधी लोटलेलं असायचं, मग कडी लागायला लागली. बहिणीने पेनाला हात लावला तर रामायण. रात्री अकरापर्यंत डोळा नाही आणि सकाळी हलवून हलवून उठवायचं. (यातल्या झोपेच्या बाबतीत तो खरंच निर्दोष होता. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा पाझरायला लागतं, घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं. शाळा मात्र सातलाच भरते.) आवाज फुटला. फोनवर लोक त्याला मी समजायचे, पुढच्या वाक्याला त्याची आई समजायचे.

या सगळ्यासाठी माझ्याकडे एकच शब्द होता, हार्मोन्स. ऑफिसात कुणी विचारलं की खांदे उडवून म्हणायचं, "हार्मोन्स, दुसरं काय." समोरचाही मान डोलवायचा. शब्द फार सोयीचा. तो म्हटला की पुढे काही विचारावं लागत नाही.

हा शब्द मी पहिल्यांदा वापरला तो अथर्व चार वर्षांचा असताना. तेव्हा तो अचानक अंगावर धावून यायला लागला होता. चावायचा, ताट भिरकवायचा, बालवाडीत एका पोराला ढकललं. त्याच सुमारास मोबाईलवर एक मजकूर फिरत आला. चौथ्या वर्षी मुलग्यांच्या अंगात पुरुषी हार्मोनची मोठी लाट येते, टेस्टोस्टेरॉन दुप्पट होतं, त्यामुळे ते आक्रमक होतात, काळजी नसावी. मला तो मजकूर पटला. खरं सांगायचं तर आवडला. पोरगा मर्द निघणार असाही एक वास त्याला होता. मी तो चार जणांना पुढे पाठवला.

ते साफ खोटं आहे. मुलग्यांच्या शरीरात जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉन चढतं आणि सहा महिन्यांच्या आसपास खाली येतं. मग वयात येईपर्यंत ते अगदी तळाशी असतं, त्या वयाच्या मुलींइतकंच. चौथ्या वर्षी लाटही नसते आणि तरंगही नसतो. मग पोरगा चावत का होता? तो चार वर्षांचा असताना त्याची बहीण जन्मली होती. दीड महिना आई माहेरी, तो माझ्याजवळ. परत आली ती मांडीवर दुसरंच कुणीतरी घेऊन. हे मला समोर दिसत होतं. पण माझ्याकडे लाट होती, त्यामुळे बघायची गरज पडली नाही.

तेराव्या वर्षी हार्मोन्स खरेच होते. म्हणून मला वाटलं, या वेळी तरी आपण बरोबर आहोत.

मे २०२४. भुदरगडात माझ्या मामांची विहीर आहे, बांधीव, पायऱ्यांची. दर उन्हाळ्यात आम्ही तिथे आठवडाभर असतो आणि पोरं दिवसातून तीनदा पाण्यात. अथर्व सहाव्या वर्षी त्याच विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकला. वरच्या काठावरून मुटका मारायचा तो तिथला पहिला. त्या वर्षी तो काठावर बसून राहिला. अंगात टी-शर्ट, गुडघे पोटाशी. श्रेयस खालून हाका मारत होता. मामाची पोरं पाणी उडवत होती. ऊन असं की दगडावर भाकरी भाजावी.

मी म्हटलं, "चल की." तो म्हणाला, "नको." मी म्हटलं, "शर्ट काढ आणि मार उडी." तो म्हणाला, "नको म्हटलं ना." आवाज मध्येच फाटला. पोरं हसली. मग मी, पाच-सात जणांदेखत, म्हणालो, "पोरींसारखा लाजतोस काय?"

तो उठला आणि घराकडे चालायला लागला. मामी म्हणाल्या, वय आहे. मी म्हटलं, हार्मोन्स. आणि मी पाण्यात उडी मारली. थंड, छान पाणी होतं, तेही आठवतं.

जूनमध्ये त्याचा गुडघा दुखायला लागला. फुटबॉल खेळून आला की लंगडायचा. वाटीच्या खाली, नळीच्या हाडावर, एक टेंगूळ आलं होतं. लहानपणी सात-आठ वर्षांचा असताना रात्री पोटऱ्या दुखायच्या तेव्हा तेल चोळून भागायचं. 'हाडं वाढतायत' म्हणायचं आणि झोपायचं. त्या दुखण्याचा वाढीशी संबंध कुणाला सिद्ध करता आलेला नाही, ते आपलं आपोआप जातं. पण हे एकाच पायाला होतं, दिवसा होतं आणि सुजलेलं होतं. म्हणून डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर बालरोगतज्ज्ञ, साठीचे, हळू बोलणारे. त्यांच्या भिंतीवर वाढीचा तक्ता होता, पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांचा, २०१५ मध्ये सुधारलेला. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे, हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. टेबलावर लाकडी मण्यांची एक माळ पडली होती. अंड्याच्या आकाराचे बारा मणी, वाटाण्याहून थोड्या मोठ्यापासून चढत गेलेले, प्रत्येकावर आकडा. मला वाटलं, रडक्या पोरांना खेळायला ठेवली असेल. मी ती हातात घेऊन फिरवत बसलो.

"ती प्राडरची माळ," डॉक्टर म्हणाले. "अँड्रिया प्राडर म्हणून स्विस डॉक्टर होते. मुलगा वयात येऊ लागला की नाही ते उंचीवरून किंवा मिशीवरून ठरत नाही, वृषणाच्या आकारावरून ठरतं. हे मणी मापाचे आहेत. १ पासून २५ मिलिलिटरपर्यंत. ४ चा मणी आला की समजायचं, सुरुवात झाली."

मी माळ खाली ठेवली. अथर्व पहिल्यांदाच, महिन्याभरात पहिल्यांदाच, हसला.

गुडघ्याचं काही विशेष नव्हतं. मांडीचा जाड स्नायू नळीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो ती जागा या वयात अजून कच्ची असते. हाडं भराभर लांबतात, स्नायूवर ताण येतो आणि खेळणाऱ्या पोरांत तो ताण त्या कच्च्या जागेला ओढत राहतो. खेळ कमी, बर्फ, ताणाचे व्यायाम. मग डॉक्टर म्हणाले, "बाबा, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसता?"

मला राग आला. बाहेरच्या बाकावर बसून मी विचार करत होतो की पैसे मी भरतोय आणि बाहेरही मीच. दहाची वीस मिनिटं झाली. आत बोलावलं तेव्हा अथर्व खिडकीबाहेर बघत होता.

"त्याची परवानगी घेऊन सांगतो," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या छातीत डाव्या बाजूला, निपलच्या खाली, गाठ आली आहे. हात लागला की दुखते. थोडी वर दिसते. पाच महिने झाले. त्याला वाटत होतं की आपल्याला कॅन्सर आहे, नाहीतर आपण मुलगी होतोय. यातलं कुठलं जास्त वाईट ते त्याचं ठरत नव्हतं."

हे वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलग्यांना होतं. शरीर टेस्टोस्टेरॉनमधलं काही इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, सुरुवातीच्या काळात दोघांचा तोल जरा कलतो आणि छातीखाली थोडी गाठ धरते. एका बाजूला किंवा दोन्हीकडे. साधारण वर्ष-दोन वर्षांत आपोआप विरते. फार मोठी झाली, टिकून राहिली, त्यातून काही पाझरलं तरच पुढे तपासायचं. निम्म्याहून अधिक. म्हणजे त्या विहिरीतल्या पोरांतही एखाद-दोन निघाली असती. म्हणजे कदाचित मलाही झालं होतं आणि मी विसरलो. हे मी बराच वेळ आठवत बसलो. मग आठवलं. नववीत असताना मी वर्षभर दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरून शाळेत जायचो. आईने विचारलं होतं, पाठ दुखते का रे? मी म्हटलं होतं, हं.

घरी येताना स्कूटरवर आम्ही दोघे गप्प होतो. रंकाळ्याजवळ मी गाडी थांबवली, दोन भेळ घेतल्या. विहिरीवर मी जे बोललो त्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं. माझ्या तोंडून फक्त, "मलाही होतं ते," एवढं आलं. त्याने भेळेतून मान वर न करता विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "नववी संपेपर्यंत." तो म्हणाला, "बापरे." मग आम्ही आणखी एक भेळ सांगितली.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो. मुलाच्या वाढीची सलग नोंद ठेवणारा पहिला माणूस एक फ्रेंच उमराव होता, गेनो द मोंबेयार. १७५९ मध्ये त्याला मुलगा झाला आणि १७७७ पर्यंत, अठरा वर्षं, तो साधारण दर सहा महिन्यांनी पोराला उभा करून मोजत राहिला. त्याचा मित्र बफॉन याने ते आकडे छापले. आजही वाढीचा अभ्यास त्या पोरापासून सुरू होतो. वयात येतानाची उडी त्या आकड्यांत स्पष्ट दिसते. मी त्यांवरून केलेला आलेख बघितला आणि माझी चौकटीवरची रेघोटी शेजारी ठेवली. तीच चढण. फक्त त्या पोराने त्या वर्षी कुणाशी बोलणं टाकलं, तो कुठल्या तळ्यावर पोहायला गेला नाही, हे काही त्यात नाही. माझ्याही चौकटीवर नव्हतं.

अमेरिकेतल्या मिशेल लॅम्पल या संशोधिकेने १९९२ मध्ये आणखी मजेशीर गोष्ट मांडली. तिने तान्ह्या बाळांची वरचेवर मापं घेतली आणि तिला दिसलं की बाळं रोज थोडी थोडी वाढत नाहीत. कित्येक दिवस काहीच नाही, आणि मग एका दिवसात अर्ध्यापासून अडीच सेंटीमीटरपर्यंत. यावर तज्ज्ञांत वाद झाले. नंतर तिनेच दाखवलं की अशा उडीच्या आसपास बाळं जास्त झोपतात. आईला हे वाचून दाखवलं तर ती दोरा ओवता ओवता म्हणाली, "मग झोपलेल्या लेकराला उठवू नका म्हणून मी कशाला सांगत होते?"

हे सगळं कळल्यावर मी सुधारलो असं कुणी समजू नये. त्याने खोलीचं दार आपटलं की माझाही आवाज चढतोच. सिलिंडरवरून अजून भांडणं होतात. फक्त 'हार्मोन्स' हा शब्द जिभेवर आला की मी तो गिळतो आणि विचारतो, काय झालं? नव्वद टक्के वेळा उत्तर 'काही नाही' असतं. आणि त्या नव्वदातलं बरंचसं खरंच काही नसतं, तो नुसता भुकेला असतो.

मे २०२५ मध्ये परत मामांच्या विहिरीवर गेलो. मी मनाशी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. अथर्व आता माझ्याहून बोटभर उंच. गाठ बरीच विरली होती, पूर्ण नाही. तो काठावर आला, दोन मिनिटं उभा राहिला आणि बनियन घालूनच उडी मारली. मामाचा धाकटा ओरडला, "ए, बनियन काढ की!" कुणीच काही बोललं नाही. तेवढ्यात श्रेयसने, जो शर्ट काढून तयार उभा होता, मागे वळून दगडावरचं बनियन उचललं, अंगात घातलं आणि मागोमाग पाण्यात गेला. त्याला का घातलंस म्हणून मी विचारलं नाही. त्याच्या पावलांकडे मात्र माझं लक्ष गेलं. पंजे चांगलेच रुंद झाले होते. या जूनमध्ये आई त्याला किमान पाच बोटं माया सोडेल.

दुपारी जेवायची हाक आली आणि पोरं वर चढून ओल्या अंगाने घराकडे पळाली. मी मागून आलो तर माझी चप्पल नाही. विहिरीपासून घरापर्यंतची वाट मुरमाची, भर दुपारची. काठावर एकच जोड उरला होता, अथर्वचा. मी तो पायांत घातला. टाचेमागे बोटभर जागा राहत होती, आणि घर येईपर्यंत तो फटक फटक वाजत राहिला.